जैसलमेरला गेलाच आहात तर: जोधपूर-बिकानेर जोडून सहल कशी वाढवावी

जैसलमेरची सहल बहुतेकांची तीन रात्रींची असते. दोन रात्री शहरात, एक समच्या वाळूत तंबूत. दुसऱ्या दिवशी किल्ला उतरताना कुणीतरी म्हणतंच, ‘एवढ्या लांब आलोय, तर जोधपूर करून जाऊ या का?’ जरूर करा. फक्त किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्या ठरवू नका. तसं ठरवलेल्या सहलीत परतीचं तिकीट वाया जातं, टॅक्सीचं दुहेरी भाडं बसतं आणि दोन दिवसांपैकी दीड दिवस काचेतून वाळवंट बघण्यात जातो.

थरच्या वाळवंटात शहरं ‘जवळ’ नसतात, हे आधी मान्य करा. जैसलमेर ते जोधपूर साधारण २८० किलोमीटर, जैसलमेर ते बिकानेर ३३० आणि बिकानेर ते जोधपूर २५०. रस्ते उत्तम आहेत, तरी पहिल्या टप्प्याला पाच तास आणि दुसऱ्याला जेवणासकट सहा-सात तास धराच.

१. आधी परतीचं शहर बदला

सहल वाढवणारे सहसा मुक्काम वाढवतात आणि परतीचं ठिकाण तेच ठेवतात. म्हणजे जैसलमेरहून जोधपूरला जायचं, बघायचं आणि गाडी किंवा विमान पकडायला पुन्हा जैसलमेरला यायचं. यात ५६० किलोमीटरचा फेरा होतो आणि हाती एकच शहर लागतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे घरी कुठून परतायचं ते ठरवणं. त्यासाठी तीन शहरांतला फरक लक्षात घ्या. जोधपूरचं विमानतळ वर्षभर चालतं आणि मुंबईकडे रेल्वेही भरपूर आहेत. सूर्यनगरी एक्स्प्रेस रोज वांद्र्याला येते. जैसलमेरची विमानसेवा प्रामुख्याने हिवाळी वेळापत्रकावर, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते मार्च अखेर, अवलंबून असते. बिकानेरच्या नाल विमानतळावरून उड्डाणं मोजकी आहेत. त्यामुळे सहल जैसलमेरला सुरू करून जोधपूरला संपवणं महाराष्ट्रातल्या माणसाला सर्वांत सोयीचं पडतं. बिकानेर घ्यायचं असेल तर ते मध्ये घ्या, शेवटी नको.

२. किती दिवस वाढवता येतात, त्यावर मार्ग

एक दिवस वाढत असेल तर दुसऱ्या शहराचा विचारच सोडा. तो दिवस रामगढ, तनोट आणि लोंगेवालाला द्या. सकाळी निघून संध्याकाळी जैसलमेरला परत येता येतं. तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं आणि १९७१ च्या युद्धातली ठाणी व रणगाडे लोंगेवालाला बघायला मिळतात. तनोटपर्यंत भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. पुढे बबलियानच्या बाजूला सीमेजवळ जायचं असेल तर मात्र पास लागतो, त्यामुळे प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. टाकी जैसलमेरलाच भरून घ्या. रामगढनंतर पेट्रोलपंप आणि मोबाइलची रेंज, दोन्हींवर भिस्त ठेवू नका.

दोन दिवस असतील तर फक्त जोधपूर. बिकानेरचा मोह टाळा.

चार दिवस असतील तर जैसलमेर–फलोदी–बिकानेर–नागौर–जोधपूर हा त्रिकोण होतो, आणि तो फार सुंदर होतो. तीन दिवसांतही बसतो, पण मग जोधपूरला जेमतेम अर्धा दिवस मिळतो आणि मेहरानगढ घाईत बघावा लागतो. ही तडजोड करू नये असं माझं मत.

बाडमेर आणि तिथून पुढची किराडूची मंदिरं ज्यांना शिल्पांची आवड आहे त्यांच्यासाठी. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तो रस्ता लांबचा वाटतो.

३. परतीचं तिकीट सोडवणं

रेल्वेचं तिकीट असेल तर जुनं रद्द करण्याआधी नवीन हातात घ्या. उलटं केलं की दिवाळी-नाताळच्या सुट्टीत प्रतीक्षायादीत अडकता. जुनं तिकीट जितकं उशिरा रद्द कराल तितकी कपात जास्त, म्हणून नवीन मिळालं की त्याच दिवशी रद्द करून टाका.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ऐनवेळी ठरलं तर तत्काळ उरतं. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला आणि बिनवातानुकूलितचं ११ ला सुरू होतं. ‘आदला दिवस’ मोजायचा तो गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या तारखेपासून. गाडी मागच्या स्थानकावरून ५ तारखेला सुटून तुमच्याकडे ६ तारखेला पहाटे येत असेल, तर तत्काळ ४ तारखेला उघडतं. ५ तारखेला सकाळी १० ला मोबाइल हातात धरून बसणाऱ्यांना काहीच मिळत नाही. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून पडताळलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ निघत नाही. हे काम घरून निघण्याआधी करा, ओटीपीसाठी रेंज शोधत फिरायला लागू नये. आणि पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य.

स्थानकांची नावं नीट वाचा. जोधपूरच्या काही गाड्या मुख्य स्थानकाऐवजी भगत की कोठीवरून सुटतात, बिकानेरच्या काही लालगढवरून. ही स्थानकं शहरातच आहेत, पण चुकीच्या स्थानकावर पोचून रिक्षाने दुसरीकडे धावेपर्यंत गाडी निघून जाते. तशीच तारखेची गंमत: रात्री १२ नंतर सुटणाऱ्या गाडीवर पुढच्या दिवसाची तारीख असते. शनिवारी रात्री जेवून स्थानकावर जायचं असेल आणि गाडी १२ वाजून २० मिनिटांची असेल, तर तिकीट रविवारचं हवं.

विमानाचं परतीचं तिकीट जैसलमेरहून असेल तर आधी तारीख आणि शहर बदलण्याचा खर्च बघा, मग तेच तिकीट रद्द करून जोधपूरहून नवीन काढण्याचा. दुसरा पर्याय अनेकदा स्वस्त निघतो. काहीच न करता नुसतं गैरहजर राहू नका. भाडं परत मिळणार नसलं तरी विमानतळ शुल्कासारखे काही आकार परत मागता येतात, ते तरी निदान हाती येतात.

४. गाडी ठरवणं: पैसे इथेच जातात

शहराबाहेरच्या टॅक्सीचा हिशेब किलोमीटरवर असतो, पण त्याला दोन अटी जोडलेल्या असतात. पहिली, दिवसाला किमान किलोमीटर, बहुधा २५०. तुम्ही ९० फिरलात तरी २५० चे पैसे. दुसरी, गाडी जिथली आहे तिथे परत जाईपर्यंतचं भाडं तुमच्या माथी. याशिवाय ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळं.

आता चार दिवसांच्या त्रिकोणाचा हिशेब मांडू. जैसलमेर ते बिकानेर ३३०, बिकानेरमध्ये फिरणं ५०, बिकानेर ते जोधपूर २५०. एकूण ६३० किलोमीटर, गाडी तीन दिवस. जैसलमेरची गाडी घेतली तर तिचं जोधपूरहून रिकामं परतणं धरून २८० आणखी, म्हणजे ९१० किलोमीटरचे पैसे. तीच गाडी जोधपूरची असेल तर ती स्वतःच्या गावी येऊन थांबते. परतीचं भाडं नाही. तीन दिवसांचे किमान ७५० किलोमीटर, तेवढेच पैसे. तीच माणसं, तोच रस्ता, १६० किलोमीटरचा फरक.

मग जैसलमेरमध्ये जोधपूरची गाडी मिळणार कुठून? मोसमात रोज मिळते. जोधपूरहून पाहुणे सोडायला आलेल्या कितीतरी गाड्या रिकाम्या परत जात असतात आणि त्यांच्या ड्रायव्हरला अर्ध्या भाड्यातही परवडतं. हॉटेलवाल्याला आदल्या संध्याकाळी ‘जोधपूरची रिटर्न गाडी’ विचारा. खात्री नंबरप्लेटवर करा: आरजे १९ म्हणजे जोधपूर, आरजे १५ जैसलमेर, आरजे ०७ बिकानेर, आरजे ०४ बाडमेर. पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका; अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याच्या प्रवाशांसाठी हात वर करते आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर तुमचा दिवस तिथेच संपतो.

ठरवताना या गोष्टी बोलून, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या:

– दर एसी चालू धरून आहे की वेगळा
– किलोमीटर तुमच्या हॉटेलपासून मोजणार की गाडी जिथे उभी असते तिथून
– वाटेत कुठे कुठे थांबायचं ती गावं नावानिशी
– भत्ता रोजचा किती आणि ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय कुणाची
– शेवटच्या दिवशी गाडी किती वाजता सोडायची

तिसरा मुद्दा लोक विसरतात. ‘बिकानेर ड्रॉप’ एवढंच ठरलेलं असेल तर वाट वाकडी करून करकोचे बघायला खीचनला न्यायला ड्रायव्हर कुरकुरणारच, आणि त्याची चूकही नाही.

निघताना आणि पोचल्यावर मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. वाद तिथेच मिटतो.

अंधार पडल्यावर गाडी चालवण्याचा आग्रह धरू नका. रस्ता सरळसोट, ड्रायव्हर कंटाळलेला, आणि डांबर रात्री उबदार राहतं म्हणून गाई त्यावर बसलेल्या. उंट आणि नीलगाय आडवी येते ती वेगळीच. डिसेंबर-जानेवारीत या भागात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा प्रवासाला खरे दहाच तास मिळतात.

टॅक्सी नको असेल तर जैसलमेर–बिकानेरसाठी लीलण एक्स्प्रेस आहे, पुढे ती जयपूरला जाते. रात्रीचा प्रवास असल्याने वाटेतलं काही दिसत नाही आणि बिकानेरला पोचता तेव्हा हॉटेलची खोली मिळायची वेळ झालेली नसते. आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या, नाहीतर लवकर प्रवेशाचं आधी बोलून ठेवा. खासगी स्लीपर बस असतात, पण त्या सरकारी बसस्थानकावरून सुटत नाहीत. तिकिटावरचा चढण्याचा पत्ता दुपारीच जाऊन बघून या.

५. जैसलमेर ते बिकानेर: वाटेत कुठे थांबावं

पोखरण ११० किलोमीटरवर येतं. अणुचाचण्यांची जागा बघायला मिळेल या आशेने इथे थांबू नका. १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या लष्कराच्या हद्दीत झाल्या आणि तिथे पर्यटकांना प्रवेश नाही. चहा घ्या, चमचम ही इथली मिठाई घ्या आणि निघा. पुढे १२ किलोमीटरवर रामदेवरा, राजस्थानचे लोकदेवता बाबा रामदेवांचं समाधिस्थान. भाद्रपदात यात्रा असते तेव्हा पायी जाणाऱ्या भाविकांनी महामार्गाची कड भरलेली असते, ते दिवस टाळलेले बरे.

या रस्त्यावरचं खरं थांबण्याजोगं ठिकाण म्हणजे फलोदीजवळचं खीचन. इथे कांड्या करकोचे, स्थानिक भाषेत कुरजां, हिवाळ्यात हजारोंनी येतात. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालत आले आहेत, त्यासाठी गावात कुंपण घातलेलं ‘चुग्गाघर’ आहे. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

वेळ मात्र सांभाळावी लागते. दाणे टिपायला पक्षी सकाळी उतरतात आणि नंतर गावाबाहेरच्या तळ्यांवर जाऊन बसतात. जैसलमेरहून सात वाजता निघालात तर दहाच्या सुमारास पोचाल. तेव्हा चुग्गाघर रिकामं दिसलं म्हणून हळहळत परत फिरू नका, सरळ तळ्यांकडे जा. तिथे ते पाण्याच्या कडेला ओळीने उभे असतात आणि एखादी गाडी जवळ आली की सगळे एकाच वेळी माना वर करतात. गाडीतून उतरून त्यांच्याकडे चालत जाऊ नका, दूर थांबून दुर्बिणीतून बघा. ड्रोन तर मुळीच नको. चुग्गाघरावरचं दृश्यच हवं असेल तर आदल्या रात्री फलोदी किंवा खीचनला मुक्काम करा.

बिकानेर वगळून थेट जोधपूरला जाणाऱ्यांनाही खीचन घेता येतं. देचूमार्गे सरळ रस्त्याऐवजी फलोदी–ओसियां मार्गे जा; पंचवीस-तीस किलोमीटर जास्त पडतील, पण ओसियांची सच्चियाय माता आणि आठव्या शतकातलं महावीर मंदिर वाटेतच होतं.

६. बिकानेर: एक पूर्ण दिवस

जुनागढ सकाळी उघडताच. राजा रायसिंहाने १५८९ ते १५९४ या काळात बांधलेला हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही झेपतो. आतलं सोनेरी नक्षीकाम बघायला तीन तास ठेवा. नंतर जुन्या शहरातल्या रामपुरिया हवेल्या पायी किंवा रिक्षाने. मोठी गाडी त्या गल्ल्यांत घुसवू नका. उंट संशोधन केंद्र पर्यटकांसाठी दुपारनंतर खुलं असतं, सकाळी गेलात तर फाटकावरून परत याल. तिथे उंटिणीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं. चव किंचित खारट, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

भुजिया इथूनच घ्यायचा, पण फिरण्याच्या सुरुवातीला नाही. दोन-तीन किलोची पिशवी दिवसभर वागवली की चुरा होतो.

देशनोकचं करणी मातेचं मंदिर त्या दिवशी बघू नका. ते बिकानेरपासून ३० किलोमीटरवर, जोधपूरच्या रस्त्यावरच आहे, दुसऱ्या दिवशी जाताना आपोआप वाटेत येतं. अनवाणी जावं लागतं आणि आत हजारो उंदीर, ज्यांना तिथे ‘काबा’ म्हणतात, मोकळे फिरत असतात. टाकून देता येतील असे जुने मोजे घाला आणि पाय उचलून न टाकता घासत चाला. लहान मुलांना आधी सांगून ठेवा, दारात रडारड नको.

७. जोधपूर: दीड दिवस

गाडी पोचल्यावर सोडून द्या. जुन्या जोधपूरमध्ये ती अडचणच होते; घंटाघर, तूरजी का झालरा ही पायऱ्यांची विहीर आणि किल्ल्याची चढण रिक्षाने होते.

मेहरानगढ सकाळी नऊला. १४५९ मध्ये राव जोधांनी बांधायला घेतलेला हा किल्ला नीट बघायला तीन तास लागतात. श्राव्य मार्गदर्शक घ्या, पैसे वसूल होतात. चढण जमत नसेल तर लिफ्ट आहे. तिथून जसवंत थडा हे संगमरवरी स्मारक जवळच, उतरताना होतो. किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे, खडक आणि काटेरी झुडपंही, हे तिथे कळतं.

निळी घरं बघायची तर घंटाघराकडे नाही, किल्ल्याच्या मागच्या अंगाला चांदपोल-ब्रह्मपुरीच्या गल्ल्यांत. ही राहती घरं आहेत, उंबऱ्यात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा. उमेद भवनात संग्रहालयाचा भागच बघता येतो, राजवाड्याचं आत फिरणं नव्हे. वेळ कमी असेल तर तेच गाळा.

८. हॉटेल आणि तंबू

समच्या तंबूंचं पॅकेज दुपारी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी नाश्त्यानंतर संपतं. मुक्काम वाढवायचा असेल तर वाळूत नाही, शहरात वाढवा. दुसऱ्या रात्री तोच नाच आणि तोच डीजे असतो. शांतता हवी असेल तर समऐवजी खुरी गावाजवळची वाळू.

मधल्या रात्रीचा हिशेब करताना हॉटेलची खोली १२ ला सुटते की २४ तासांची आहे ते विचारा. रात्रीच्या गाडीने निघणार असाल तर दुपारनंतर सामान ठेवायला आणि आंघोळीला काय सोय, तेही. आणि नव्या शहरात उतरल्यावर रिक्षावाला ‘ते हॉटेल बंद झालंय’ म्हणाला तर आधी हॉटेलला फोन लावा.

९. कधी वाढवू नये

एप्रिल ते जूनमध्ये नाही. फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. याच रस्त्यावरून तुम्हाला जायचं आहे. २५ डिसेंबर ते १ जानेवारीत खोल्या आणि गाड्या दोन्ही दुप्पट दराने मिळतात, तेव्हा सहल वाढवायची असेल तर घरूनच पक्की करून निघा. माघातल्या मरु महोत्सवात जैसलमेर भरलेलं असतं, पण त्या वेळी जोधपूर-बिकानेरला जागा मिळते.

१०. बरोबर काय हवं

– प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचंही. मोबाइलमधला फोटो काही हॉटेलांत चालतो, सीमेकडच्या तपासणीत नाही.
– नेहमीच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्तीच्या, चिठ्ठीसह. फलोदीत तुमचा ब्रँड मिळेलच असं नाही.
– स्वतःची गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स आणि फास्टॅगमध्ये शिल्लक.
– हिवाळ्यात जाड स्वेटर आणि कानटोपी. दुपारी टीशर्टवर फिरता आणि रात्री पारा एक आकडी होतो.
– ओठांना लावायचं मलम, नाकासाठी रुमाल, ओआरएसची पाकिटं.
– सुटी रोकड. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट, पार्किंग आणि गावातला चहा, यांसाठी दहा-वीसच्या नोटा.
– कॅमेरा आणि मोबाइलसाठी झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. समची वाळू पिठासारखी बारीक असते; लेन्सच्या कड्यात एकदा गेली की जोधपूरपर्यंत करकर ऐकू येते.